परड्यातल्या आंब्यावर घर बांधायचंय, घरच्यांनी मिळूनच. कुणी केलंय का?

परड्यातला | 11 फेब्रुवारी, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. आमचं घर कळंब्याच्या अलीकडं, मागं दीड गुंठ्याचं परडं. त्यात एक रायवळ आंबा आहे, माझ्या आज्जीनं कोय पुरून लावलेला. छातीएवढ्या उंचीवर टेप लावली, घेर भरला पाच फूट दोन इंच. साडेसात फुटांवर बेचकं फुटलंय आणि दोन्ही फांद्या मांडीपेक्षा जाड आहेत.

थोरली आठवीत, धाकटा तिसरीत. झाडावर घर पाहिजे हे खूळ धाकट्याचं. थोरलीनं लगेच वहीत नकाशा काढला: दोन खिडक्या, एक दार आणि दारावर पाटी, 'तिसरीच्या मुलांना प्रवेश नाही'. सौ. म्हणते, करा, पण सुतार बोलवून दोन दिवसांत उरकायचं असेल तर मला सांगूही नका. करायचं तर सगळ्यांनी मिळून. आई म्हणते, पोरं पडली तर? आबा (वडील, वय 74) काहीच बोलत नाहीत. आंब्याकडं बघतात आणि तंबाखू मळतात.

मी बँकेत नोकरीला. आयुष्यात एकदा देवघराचा पाट ठोकलाय, तो अजून डगडगतो. तेव्हा फांदीला कसं धरायचं, लाकूड कुठलं, झाडाला इजा होते का, आणि मुख्य म्हणजे असलं काम घरच्या घरी भांडणाशिवाय होतं का, हे अनुभवी लोकांनी सांगा.

भडंग_पार्सल

मी पयला! शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: न्हाई.

सांगलीकर_पाहुणा

कोल्हापुरात झाडावर घर? बरोबर आहे, रस्त्यावर खड्ड्यांमुळं जागा उरली नसेल.

भडंग_पार्सल

@सांगलीकर, हळद लावून गप बसा.

आक्का_राजारामपुरी

माझ्या भाच्याचं मनगट मोडलंय असल्याच प्रकारात. उंची फार नव्हती, सहा फूट असेल. पण खाली फरशी होती. तेव्हा वर काय बांधताय ते नंतर बघू, आधी खाली काय आहे ते सांगा. माती असेल तर कुदळीनं फोडून भुसभुशीत करा, वर फूटभर वाळू टाका. कठडा तीन-साडेतीन फूट हवाच. दोन पट्ट्यांमधली फट चार इंचांच्या आत ठेवा, नाहीतर पोराचं अंग निसटून जातं आणि डोकं अडकतं. हे मी छापील वाचून सांगत नाही. आमच्या जुन्या गॅलरीच्या गजात मी स्वतः अडकले होते, पाचवीत असताना. तेल लावून काढलं.

गारगोटीकर_मास्तर

वाळूला पैसे कशाला घालता? उसाचं पाचट टाका. आपल्याकडं फुकटात मिळतं, गादीसारखं मऊ.

वनस्पतीवेडी

मास्तर, पाचट नको हो! घराच्या मागं, झाडाच्या सावलीत, दमट जागी फूटभर पाचट म्हणजे उंदरांना आमंत्रण, आणि उंदरांच्या मागनं घोणस. वाळक्या पानात घोणस दिसतसुद्धा नाही. वाळूच बरी.

आता झाडाबद्दल. लोक सगळ्यात मोठी चूक करतात ती म्हणजे 'खिळा मारला तर झाडाला दुखेल' म्हणून बुंध्याला तार नाहीतर साखळी आवळून बांधतात. सालीच्या लगेच आतल्या थरातून पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडं जातं. बुंधा दरवर्षी जाड होतो, तार होत नाही. चार-पाच वर्षांत ती सालीत रुतते, अन्नाची वाट बंद होते आणि झाड उभ्या उभ्या वाळायला लागतं. त्यापेक्षा एक जाड बोल्ट आरपार गेलेला परवडला. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड त्या जागेभोवती भिंत घालतं आणि कुजकी जागा कोंडून टाकतं. अॅलेक्स शिगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञानं हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं. म्हणून छिद्रं कमी, मोठी आणि एकमेकांपासून लांब. शंभर बारीक खिळे ठोकले तर शंभर कोंडलेल्या जागा होतात आणि त्या एकमेकींना मिळतात.

मोहोर लागलाय का? असेल तर आत्ता झाडाला हातही लावू नका.

परड्यातला

@वनस्पतीवेडी, मोहोर भरगच्च आहे. आंबा उतरेपर्यंत छिद्र नाही, ठरलं.

एक शंका. झाड वाढेल तसं घर वर वर जाईल का? धाकटा म्हणतो, तो दहावीत जाईपर्यंत घर दुसऱ्या मजल्यावर पोचेल.

वनस्पतीवेडी

नाही जात! उंची वाढते ती शेंड्याकडं. खालचा बुंधा फक्त जाड होतो. आज साडेसात फुटांवर मारलेला बोल्ट वीस वर्षांनीही साडेसात फुटांवरच असतो. म्हणून घराच्या तळात झाड जिथं वर येतं तिथं, म्हणजे फळ्यांच्या मधून, दोन-तीन इंच मोकळी जागा सोडायची.

भडंग_पार्सल

धाकट्याला सांगू नका. दहावीपर्यंत तेवढीच आशा.

काँक्रीट_काका

सिव्हिल इंजिनिअर आहे, निवृत्त. राहत्या घराच्या मजल्याला भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण 200 किलो चल भार (म्हणजे माणसं, सामान) धरतात. तुमचं सहा बाय आठ फूट धरलं तर साडेचार चौरस मीटर होतात. म्हणजे नऊशे किलो, वर लाकडाचं वजन वेगळं. तुम्ही म्हणाल पोरं दोनच आहेत. वाढदिवसाला किती असतील? आणि सगळी एका कोपऱ्यात उभी राहून खाली बघतील.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दोन फांद्यांना एकच तुळई दोन्हीकडं घट्ट आवळली तर वळवाच्या वाऱ्यात दोन फांद्या दोन दिशांना जातात आणि तुळई फाटते, नाहीतर बोल्ट तुटतो. एक टोक पक्कं, दुसरं टोक लांबट खाचेत सरकतं ठेवायचं. पुलाच्या गर्डरला असतं तसंच. राधानगरीच्या बाजूला एका रिसॉर्टवर मला बघायला बोलावलं होतं. चारी बाजूंनी खिळे ठोकून झाडाला चिकटवलेली खोली. पहिल्याच पावसाळ्यात मजला झाडापासून वीतभर सुटला होता. नशीब, आत पाहुणा नव्हता.

उद्यमनगरचा_लेथ

बोल्टचं टेन्शन घेऊ नका मालक. तिकडं अमेरिकेत झाडाच्या घरासाठी खास बोल्ट मिळतो. सव्वा इंच जाडीचा दांडा आणि मध्ये तीन इंच व्यासाची कॉलर. दांडा झाडात, कॉलर सालीच्या आत टेकते, आणि बाहेर उरलेल्या टोकावर तुळई बसते. झाड त्या कॉलरीभोवती वाढून तिला गिळतं, त्यानं पकड आणखी घट्ट होते. बाहेरनं मागवला तर बोल्टपेक्षा पार्सल महाग. आपल्याकडं फौंड्री आहेत, लेथ आहेत. शिवाजी उद्यमनगरात ड्रॉइंग घेऊन या, दुपारी चहा पिऊपर्यंत टर्निंग करून देतो. गॅल्व्हनायझिंग करून घ्या मात्र, नुसता रंग टिकत नाही.

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!

डॅलसहून_दाजी

इकडं आमच्या सोसायटीनं झाडावरच्या घराला परवानगीच दिली नाही, 'परिसराशी सुसंगत दिसत नाही' म्हणून. पोरं मोठी झाली, कॉलेजला गेली. झाड आहे अजून. तुम्ही करा राव.

पेठेतला_शंकेखोर

परवानगीवरून आठवलं. महाराष्ट्रात शहरी भागात झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा आहे. त्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नव्हे, फांद्या छाटणं आणि इजा करणंही येतं. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलंय. तुमच्या आज्जींनी कोय कधी पुरली?

परड्यातला

आबांना विचारलं. म्हणाले, "मी नववीत होतो." म्हणजे झाडानं पन्नाशी गाठून वर दहा काढलीत. एवढंच बोलून आत गेले.

पेठेतला_शंकेखोर

मग फांदीला करवत लावायच्या आधी वॉर्ड ऑफिसात उद्यान विभागाला विचारा. फुकटचा सल्ला आहे, घ्या अगर सोडा.

भडंग_पार्सल

पुण्याचा सल्ला आणि फुकट? जपून ठेवा, फ्रेम करा.

पन्हाळ्यावरची

आम्ही केलं होतं, मोठ्या फणसावर. मी, नवरा, दीर, जाऊ आणि चार पोरं. महिनाभर रोज संध्याकाळी काम. हौसेनं आत गालिचा टाकला, कंदील टांगला. चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर वानरांचा कळप आत. एक हुप्प्या दारात पाय सोडून बसलेला, घरमालकासारखा. हाकलायला गेलं की दात दाखवायचा. पोरं आठवडाभर खाली उभी राहून वर बघत होती. शेवटी गालिचा त्यांनाच लखलाभ म्हटलं.

कोल्हापुरात वानरं कमी असतील. पण फळाचं झाड आहे, लक्षात ठेवा.

निळू_शाहूपुरी

आमच्याकडं झाड नाही, परडं नाही, तिसऱ्या गल्लीत फ्लॅट. पण 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात वाटलं होतं की असतं तर बरं झालं असतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 43 फूट म्हणजे धोका पातळी, त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या बिल्डिंगमधून बोटीनं काढलं आम्हाला. शेजारचे आजोबा तेवढ्यातही विचारत होते, "गंगावेशीत दूधकट्टा चालू आहे का?"

विषय सोडून लिहिल्याबद्दल माफी.

गारगोटीकर_मास्तर

विषय सोडून कसला, धागा आता कुठं रंगायलाय. मी एकदा बुद्धपौर्णिमेच्या प्राणिगणनेला रात्रभर मचाणावर बसलोय. पाणवठ्यावर तीन भेकरं आणि एक मुंगूस. पहाटे मचाण हलायला लागलं. वाटलं खाली गवा आला अंग घासायला. टॉर्च मारला तर सोबतचे क्लार्क साहेब थंडीनं कुडकुडत होते.

परड्यातला | 30 मार्च

मंडळी, ताजी खबर. नकाशा पक्का झाला. लाकडासाठी टिंबर मार्केटात जाऊन आलो, सागाचा भाव ऐकून परत आलो. उद्यमनगरच्या भावाकडं जाऊन नमुन्याला एक बोल्ट करून आणला. काय चीज आहे ती! तीन किलो भरला. धाकटा तो उशाशी घेऊन झोपला.

आणि आज सकाळी भांडण झालं.

मी खडूनं बुंध्यावर खूण करत होतो. आबा मागनं आले, म्हणाले, "कशाची फुली?" सांगितलं, इथं गिरमिटानं भोक पाडायचं, सव्वा इंचाचं, आत सहा-सात इंच. त्यांनी खडू माझ्या हातातनं घेतला आणि तळव्यानं फुली पुसली. "माझ्या आईचं झाड आहे. भोक पडणार नाही." मी वनस्पतीवेडी ताईंचं सगळं सांगून बघितलं, झाड भिंत घालतं वगैरे. म्हणाले, "घालंल. पण का म्हणून घालायची?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. सौ. माझ्याकडंच बघत होती. थोरली रडली. आता काय करू?

आक्का_राजारामपुरी

काही करू नका चार दिवस. त्यांच्याशी या विषयावर बोलू नका.

उद्यमनगरचा_लेथ

बोल्ट परत घेत नाही हां, सांगून ठेवतो. 😄

काँक्रीट_काका

आबांचं ऐका. मी निवृत्त इंजिनिअर म्हणून सांगतो, खांबावर उभं करा. चार खांब, त्यावर चौकट, झाड मधनं जाऊ दे. सगळा भार जमिनीवर. हिशेब सोपा, झाडाला धक्का नाही, झाड हललं तरी घर हलत नाही.

सांगलीकर_पाहुणा

मग ते झाडावरचं घर कसलं? झाडाशेजारचं घर.

पन्हाळ्यावरची

झाडाच्या कुशीतलं म्हणा की. सगळ्यालाच काय नाव ठेवायचं!

वनस्पतीवेडी

काकांशी सहमत. फक्त खांबाचे खड्डे बुंध्याला खेटून घेऊ नका. जाड मूळ लागलं तर तोडू नका, खड्डा सरकवा. आणि (हे खरंतर आधी लिहायला हवं होतं) मला आबांचा प्रश्न आवडला. मी इतकी वर्षं झाड काय करतं तेच सांगत आले.

परड्यातला | 14 एप्रिल

चार दिवस गप्प बसायचा सल्ला कामी आला. आठ दिवस लागले, पण आला.

पाडव्याचं गोडधोड झाल्यावर आबा एका संध्याकाळी म्हणाले, "माळा घालूया." मला वाटलं घरातला माळा. तर नाही. त्यांच्या लहानपणी कागलकडं शेतात शाळू हुरड्यात आला की पाखरं राखायला माळा घालायचे. चार मेढी रोवायच्या, वर आडी टाकायची, कडब्याचं छप्पर. दिवसभर वर उभं राहून गोफण फिरवायची. शाळेला दांडी मारायला तेवढं एक अधिकृत कारण होतं, असं ते पोरांसमोर बोलून गेले. आता धाकटा रोज गोफण मागतोय.

तर खांबांचं असं. गावाकडचं जुनं घर पाडून चुलत्यांनी स्लॅबचं बांधलं तेव्हा सोप्याचे चार सागवानी खांब गोठ्यात ठेवले होते. ते आणायला आम्ही छोटा टेम्पो घेऊन गेलो. चुलतभावानं चहा दिला, पोहे दिले, आणि मग शांतपणे म्हणाला, "दोन तुमच्या वाटणीचे. दोन आमचे." त्यांच्या दोनांचं काय करणार विचारलं. टीपॉय करणार आहेत म्हणे.

भडंग_पार्सल

दोन खांबी घर! भावकी अमर रहे.

गारगोटीकर_मास्तर

टीपॉयला दोन खांब? कुणासाठी आहे, हत्तीला चहा द्यायचाय व्हय?

परड्यातला

मास्तर 😂 खरं सांगायचं तर ते टीपॉय करणार नाहीत. तसेच पडून राहतील. आबा परत येताना एवढंच म्हणाले, "त्याला बी वाटत असंल."

पुढचे दोन सागवानी, मागचे दोन लोखंडी पाइप, असं ठरलंय. काका, सागवान थेट काँक्रीटमध्ये गाडू का?

काँक्रीट_काका

अजिबात नाही. गाडलेल्या बुडाशी ओल साठते आणि वाळवी लागते. दोन फूट खोल पाया घ्या, वर जमिनीपासून सहा इंच काँक्रीट येऊ दे, त्यात लोखंडी पट्ट्या बसवा आणि खांब त्या पट्ट्यांत बोल्ट करा. खांबाच्या बुडाखाली अर्धा इंच हवा राहू दे. पाइपांनाही तेच, बूड बंद करून घ्या. आणि तिरके टेके विसरू नका. टेक्याशिवाय चौकट म्हणजे पायाखाली फळी ठेवलेला पत्त्यांचा बंगला.

आक्का_राजारामपुरी

शिडी का जिना?

परड्यातला

दोरीची शिडी ठरली होती, पोरांची आवड. आई म्हणाली, "म्हणजे मी खालीच व्हय?" जिना होतोय, तिरका, हाताला कठड्यासकट. त्यात परड्यातला आळूचा वाफा गेला. तो आईचाच होता, तिनंच उपटला.

परड्यातला | 8 मे

काम अर्ध्यावर. कोण काय करतंय ते लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच होता.

लेव्हलचं काम सौ. कडं. पारदर्शक नळीत पाणी भरून चारी खांबांवर तिनं खुणा केल्या. माझ्या आणि तिच्या खुणेत पाऊण इंचाचा फरक आला. तिची बरोबर निघाली. थोरली हिशेब ठेवते, कुठल्या फळीला किती बोल्ट, किती वायसर. धाकटा बोल्ट वर पोचवतो, बादलीला दोर बांधून, आणि प्रत्येक वेळी "क्रेन आली" असं ओरडतो. शेजारपाजारचे वैतागलेत. कठड्याचे कळक बुरूड गल्लीतून आणले. ते आबा बांधतात, काथ्यानं. एकही खिळा नाही. आधी काथ्या भिजवून घेतात, मग पायाचा अंगठा कळकाला लावून ओढतात, वळसा, आडवा वळसा, पुन्हा ओढ. वाळला की दगडासारखा घट्ट बसतो. थोरलीला शिकवायला लागले. तिची पहिली गाठ त्यांनी काहीही न बोलता सोडली. दुसरी सोडली. पाचवी ठेवली.

मी फळ्या कापतो. एक दीड इंच आखूड कापली. बदलू म्हटलं तर सौ. नी ती तशीच बसवली आणि पेन्सिलीनं वर लिहिलं, 'ही ह्यांनी कापली'. घरात शिरताना पहिलं पाऊल त्याच फळीवर पडतं.

भांडणं? मोजली नाहीत. पाण्याच्या नळीवरून एक, करवतीला तेल कुणी लावायचं यावरून एक, आणि दोन पूर्ण दिवस आई-आबा एकमेकांशी बोलत नव्हते, जिन्याच्या पायरीच्या उंचीवरून. सात इंच का आठ.

काँक्रीट_काका

सात.

परड्यातला

आईनंही तेच सांगितलं होतं. 🙏

निळू_शाहूपुरी

आम्ही फ्लॅटवाले हे वाचून जळायलोय. जाळ आणि धूर संगटच.

वनस्पतीवेडी

कळक कुठल्या वेळी तोडलेला, विचारलंत का? ओल्या कळकातल्या पिठूळ रसावर भुंगा पडतो, दोन वर्षांत भुसा. बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून वाळवलेला असेल तर उत्तम. आधीच बांधला असेल तर निदान कापलेली टोकं बुजवा.

गारगोटीकर_मास्तर

जुनी माणसं अंधाऱ्या पाखात, अमावस्येच्या आसपास तोडायची.

वनस्पतीवेडी

हो. आणि हिवाळ्यात. तेव्हा रस कमी असतो.

परड्यातला | 17 मे

काल वळीव झाला. मंडळी, काय सांगू! पत्रा अजून टाकला नव्हता, वर निळी ताडपत्री बांधलेली. चार वाजता पाचगावच्या बाजूनं काळंकुट्ट आलं. वारा असा की ताडपत्री फुगली, दोन कोपरे सुटले, आणि मग सगळीच उडून तिसऱ्या घराच्या टाकीवर जाऊन बसली. पोरं वरच होती. मी ओरडायच्या आत आबा जिन्यावर. दोघांना खाली आणलं आणि पाच मिनिटांत कळंब्याच्या बाजूला वीज पडली. आवाजानं खिडक्या थरथरल्या.

घराचं काही झालं नाही. एक गाठ सुटली नाही. पण नियम केलाय: ढग काळा दिसला की सगळे खाली, वाद नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप थोरलीच्या फोनवर घातलंय, आजूबाजूला वीज असली की ते कळवतं. उंच झाड आणि वळीव, जोडी वाईट.

आक्का_राजारामपुरी

देवानं राखलं. पत्रा टाकायची घाई करू नका, खांबांना अर्थिंगचं काही करता येतं का ते काकांना विचारा.

काँक्रीट_काका

विजेपासून खात्रीचं संरक्षण अशा जागी होत नाही. खाली येऊन पक्क्या घरात जाणं हाच उपाय. त्यांनी केलं ते बरोबर.

परड्यातला | 9 जून

झालं! पत्रा बसला, पाटी लागली. पाटीवर बरीच चर्चा होऊन शेवटी काहीच लिहिलं नाही, धाकट्याच्या हाताचा रंगीत ठसा तेवढा आहे. खाली फूटभर वाळू. पाचट नाही (माफ करा मास्तर).

पण राहायला कोण गेलं ऐका. रायवळ यंदा भरपूर लागला. आंबा उतरवला, नेहमीप्रमाणं आईनं आढी घालायला जागा शोधली. घरात उंदीर, गच्चीवर ऊन. एका सकाळी उठून बघतो तर वरच्या घरात गवताचा थर, आंब्याचा थर, परत गवत, आणि दार ओढून कडी. "दहा दिवस कुणी उघडायचं न्हाई." पोरांनी दोन महिने बांधलेल्या घरात पहिला मुक्काम आंब्यांचा. पोरं दाराच्या फटीला नाक लावून बसतात. सगळ्या परड्यात वास सुटलाय. खालनं डोंगळ्यांची रांग लागलीय, दोन सागवानी खांबांवरनंच चढतात, लोखंडी पाइपांना हात लावत नाहीत.

पन्हाळ्यावरची

वानरांपेक्षा आंबे बरे भाडेकरू.

डॅलसहून_दाजी

वास इथपर्यंत आला. आता झोप लागणार नाही.

सांगलीकर_पाहुणा

बरं, कबूल. भारी केलंय. आंबे खायला कधी येऊ?

परड्यातला

या की! डोंगळे सोडून उरले तर.

कोयना_काठ | 22 जुलै

धागा आजच वाचला, सलग. आमच्याकडं परसात मोठी चिंच आहे, दोन पोरी आहेत, आणि आमचे आबा नाहीत, तेव्हा भोक पाडायला कुणाची ना नाही. उद्यमनगरच्या लेथवाल्या दादांचा नंबर मागत नाही, पण परड्यातल्या दादा, तुमच्याकडं तो नमुन्याचा बोल्ट तसाच पडून असेल ना? विकणार का? माप घ्यायला तरी द्या.

परड्यातला

माप घ्यायला कधीही या. विकायचं आईला विचारून बघतो. चैत्रात तिनं सगळी चिंच त्यानंच फोडली. बत्त्यापेक्षा बरा म्हणते, एका घावात चिंचोका बाहेर. तेव्हापासून तो तिच्या फडताळात आहे, वरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून.